हॅलोविनचं ड्रिंक किचनमध्ये भारी दिसतं आणि टेबलवर येईपर्यंत मातकट होतं? मग हे वाचा

गेली सहा वर्षं आमच्या ग्रुपच्या हॅलोविन पार्टीत ड्रिंक्सचं डिपार्टमेंट माझ्याकडे आहे आणि त्यातली पहिली तीन वर्षं दर ३१ ऑक्टोबरला एकच रड असायची. संध्याकाळी सहाला मस्त हिरवंगार चेटकिणीचं ड्रिंक तयार, वरून धूर निघतोय, ग्लासच्या कडेवरून रक्त ओघळतंय, मी फोटो काढून ग्रुपवर टाकलेला. आणि साडेसातला सगळे जमले की बाऊलमध्ये शेवाळी-चॉकलेटी पाणी, धूर गायब, रक्त सगळं ग्लासच्या बुडाशी जमून टेबलक्लॉथला चिकटलेलं. चव चांगली असायची हो, पण हॅलोविनच्या ड्रिंकला आधी दिसायला लागतं, चव नंतर. चेहरे रंगवून, कपडे करून आलेली पोरं ग्लासात डोकावतात तेव्हा त्यांना काहीतरी भीतीदायक दिसलं पाहिजे ना.

मग मी एकेक गोष्ट सुटी करून तपासायला लागले आणि कळलं की रेसिपी चुकत नव्हती, वेळ चुकत होती. मी सगळं आधी करून एकत्र ओतून ठेवत होते, आणि या ड्रिंकमधल्या गोष्टी एकमेकींशी पटवून घेतच नाहीत. रंगाला आंबट चालत नाही, धुराला गार पाणी चालत नाही, थरांना बुडबुडे चालत नाहीत, आणि सगळं एका भांड्यात कोंबून तासभर ठेवलं की जे व्हायचं तेच होतं. आता मी सगळं वेगवेगळं तयार ठेवते आणि शेवटच्या पाच मिनिटांत ग्लासात जोडते. खाली एकेक प्रॉब्लेम घेतलाय, तुमचा जो असेल तो वाचा.

रंग चॉकलेटी होतो

याची दोन कारणं असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिलं साधं आहे, रंगांची जोडी चुकते. लाल आणि हिरवा, निळा आणि नारिंगी, जांभळा आणि पिवळा, यातली कुठलीही जोडी ग्लासात मिसळली की मातीचा रंग येतो, मग तुम्ही कितीही महागाचं सिरप आणा. संत्र्याच्या ज्यूसवर निळं सिरप ओतून 'विषारी' रंग काढायचा प्रयत्न बऱ्याच जणांनी केला असेल, तो मळकट शेवाळी होतो कारण संत्र्यात लालसर छटा असते. तेच निळं सिरप अननसाच्या ज्यूसमध्ये घाला, पण थेंब-थेंब, एका ग्लासला अर्ध्या चमच्यापेक्षा कमी, आणि बघा काय सुंदर हिरवा येतो. अननसाचा पिवळा स्वच्छ असतो म्हणून. मी आता हिरव्या ड्रिंकला दुसरं काही वापरतच नाही.

दुसरं कारण जरा फसवं आहे. पुदिना किंवा पालक वाटून हिरवा रंग काढला असेल तर तो सुरुवातीला झकास दिसतो, पण लिंबू पडलं की अर्ध्या-पाऊण तासात ऑलिव्हसारखा होतो. हिरव्या पानातलं क्लोरोफिल आहे ना, त्याच्या मधोमध मॅग्नेशियम असतं, आंबटपणामुळे ते निघून जातं आणि रंग बदलतो, भाजी झाकण ठेवून जास्त शिजवली की काळपट होते त्यातला हा प्रकार. उपाय म्हणजे पानं उकळत्या पाण्यात पंधरा-वीस सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, मग वाटा, गाळा, आणि लिंबू अगदी सर्व्ह करताना घाला. एवढं करायला वेळ नसेल तर सरळ अननस आणि निळं सिरप.

रंग बदलणारं ड्रिंक आधीच बदलून बसतं

गोकर्णाच्या निळ्या फुलांचं ड्रिंक, ज्यात लिंबू पिळलं की निळ्याचं जांभळं होतं. हॅलोविनसाठी याच्याइतकी जादू दुसऱ्या कशात नाही असं माझं ठाम मत आहे, आणि यात केमिकल रंगाचा एक थेंबही नसतो. फुलात अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य असतं, साध्या पाण्यात निळं, आंबटात जांभळं ते गुलाबी, आणि खाण्याच्या सोड्यासारखं काही पडलं तर हिरवट. जांभळ्या कोबीतही हीच जात असते पण त्याला वास येतो, ड्रिंकला मला तो आवडत नाही.

प्रॉब्लेम कुठे येतो, तर लोक फुलांचं निळं पाणी थेट लिंबाच्या कोल्ड्रिंकमध्ये किंवा टॉनिक वॉटर नावाच्या कडसर सोड्यात घालून ठेवतात. त्या बाटलीत सायट्रिक अ‍ॅसिड असतंच, म्हणजे रंग ओततानाच बदलतो आणि पाहुण्यांच्या समोर बदलायला काही उरत नाही. माझं पहिल्या वर्षी हेच झालं, सगळ्यांना बोलावून गोल उभं केलं, लिंबू पिळलं आणि जांभळ्याचं थोडं जास्त जांभळं झालं. पोरं मान वाकडी करून वाट बघत राहिली.

आता मी असं करते. २५० मिली गरम पाण्यात दहा-बारा सुकी फुलं, सहा-सात मिनिटं, रंग गडद शाईसारखा झाला की गाळून घ्यायचं आणि त्यात फक्त साखर. दुसरं काही नाही. थंड करून फ्रिजमध्ये. आंबट बाजू वेगळ्या जगमध्ये, म्हणजे गाळलेला लिंबाचा रस, साखर, पाणी. गाळलेलाच घ्या कारण लिंबाचा चोथा राहिला तर जांभळा रंग धुरकट दिसतो. ग्लासात बर्फ, निळं पाणी अर्ध्यापर्यंत, आणि ज्याचा ग्लास त्याच्याच हातात छोटा कप द्यायचा लिंबाचा, त्यानेच ओतायचा. निळं १०० मिली असेल तर निव्वळ लिंबाचा रस १० ते १५ मिली पुरतो, त्याहून कमी घातला तर रंग धड निळा नाही धड जांभळा नाही असा मधेच अडकतो.

यातला अजून एक प्रकार मला फार आवडतो. निळ्या पाण्याचेच बर्फाचे खडे करा आणि ते लिंबाच्या सरबतात टाका. खडा वितळतो तसतशी त्याच्याभोवती जांभळी धार खाली उतरते, अगदी सावकाश, शाई पाण्यात पसरावी तशी, आणि हे दहा-पंधरा मिनिटं चालू राहतं. ज्यांना शेवटच्या क्षणी धावपळ नको असते त्यांनी हेच करावं.

काळा रंग काळा राहत नाही

काळा खायचा रंग बहुतेक वेळा लाल, निळा, पिवळा मिसळून केलेला असतो. बाटलीत काळाकुट्ट दिसतो पण पातळ केला की आतले रंग डोकं वर काढतात, कधी जांभळट, कधी हिरवट. मग लोक अजून रंग घालतात, अजून घालतात, आणि शेवटी ओठ, दात, जीभ सगळं काळं-निळं होतं (पोरांना ते आवडतं पण त्यांच्या आईबाबांना नाही). पारदर्शक सरबतापासून काळ्यापर्यंत जायचंच नाही. आधीच गडद असलेल्या गोष्टीपासून सुरू करा, काळ्या द्राक्षांचा ज्यूस किंवा कोला, आणि त्यात टोचणीच्या टोकाएवढा जेल कलर. तेवढ्यात होतं.

चारकोलबद्दल एक गोष्ट सिरियसली सांगते. अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल घालून काळं ड्रिंक करायची फॅशन मधे आली होती. चारकोल पोटात गेलेली औषधं स्वतःकडे ओढून घेतो, विषबाधेत तो देतातच त्यासाठी. म्हणजे तुमच्या पार्टीतलं कोणी बीपीची, फिट्सची किंवा गर्भनिरोधक गोळी घेत असेल तर ती गोळी काम करेलच याची खात्री नाही, आणि कोण काय गोळी घेतं हे पार्टीत कोणी सांगत नसतं. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य विभागाने २०१८ मध्ये रेस्टॉरंटच्या खाण्यापिण्यात तो वापरायला मनाई केली ती उगाच नाही. शिवाय तो तळाला बसतो आणि ड्रिंक राखेच्या पाण्यासारखं दिसतं. मी वापरत नाही, तुम्हीही वापरू नका.

थर बसत नाहीत, सगळं एक होतं

खाली लाल, मधे नारिंगी, वर काळं असं ड्रिंक असतं त्यात सगळा खेळ साखरेचा आहे. ज्यात साखर जास्त ते जड, ते तळाला. त्यामुळे थर लावायच्या आधी बाटल्यांच्या मागचं लेबल वाचा, १०० मिलीमध्ये साखर किती ग्रॅम, आणि त्या क्रमाने ओता, सर्वात जास्त साखर आधी. डाळिंबाचं सिरप सगळ्यात खाली जातं ते याच कारणाने. साध्या कोलामध्ये १०० मिलीला साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते आणि डाएटमध्ये नसते, म्हणून ज्यूसच्या वर काळा थर तरंगवायचा असेल तर डाएट कोला घ्या, साधा घेतला तर तो ज्यूसमध्ये घुसतो कारण दोघांची साखर जवळजवळ सारखीच. मला हे कळेपर्यंत दोन वर्षं गेली, मी हात थरथरतो म्हणून असं होतं समजत होते.

दोन थरांच्या साखरेत दणकून फरक पाहिजे, दोन-तीन ग्रॅमच्या फरकावर थर टिकत नाही. फरक कमी असेल तर खालच्यात चमचाभर पाक घाला आणि वरच्यात थोडं पाणी. आणि एक गोष्ट जी कुणी सांगत नाही, गॅसवालं ड्रिंक कधीच खालच्या थरात घेऊ नका. बुडबुडे वर येतात आणि येताना वरचे थर ढवळत येतात, दोन मिनिटांत सगळा चिखल. सोडा, कोला, जे काही फसफसणारं असेल ते सगळ्यात वर.

ओतताना ग्लास बर्फाने काठोकाठ भरा, चमचा उलटा धरून बर्फाला टेकवा आणि त्याच्या पाठीवरून सावकाश सोडा, धार बर्फावर मोडली की जोर जातो. सगळी ड्रिंक्स सारखीच गार हवीत. स्ट्रॉ घालायचीच असेल तर ओतायच्या आधी घालून ठेवा, नंतर खुपसली की थर मोडलाच. आणि हे ट्रेमधून घेऊन जिने चढू नका, जिथे प्यायचं तिथेच ओता.

धूर दोन मिनिटांत बंद होतो

ड्राय आइस. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण यात नुसतं ड्रिंक बिघडत नाही, माणसाला इजा होते.

आधी तो काय आहे ते बघा. ड्राय आइस म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८.५ अंश सेल्सिअसला. तो वितळून पाणी होत नाही, थेट गॅस होतो. आपल्याला जो पांढरा धूर दिसतो तो तो गॅस नसतो, गॅस तर दिसतच नाही, ते पाण्याच्या वाफेचं धुकं असतं जे त्या थंडीने तयार होतं. आता धूर का बंद होतो ते कळेल. तुम्ही खडे टाकता बर्फ घातलेल्या गारेगार पंचमध्ये, म्हणजे मोठ्या बाऊलमधल्या मिक्स ड्रिंकमध्ये. तिथे मुळात वाफ कमी, वरून खड्याभोवती साध्या बर्फाचं कवच धरतं आणि खडा आत बंद होऊन बसतो. धुकं पाहिजे तर पाणी गरम पाहिजे, आणि ड्रिंक तर गार पाहिजे. एकाच भांड्यात दोन्ही जमणार कसं?

म्हणून दोन भांडी घ्या. मोठं बाहेरचं, त्यात छोटं ड्रिंकचं. बाहेरच्यात हाताला चांगलं गरम लागेल एवढं पाणी, तळाला तीन-चार बोटं, आणि त्यात ड्राय आइसचे खडे. धुकं बाहेरच्यातून उसळतं, आतल्या भांड्याच्या काठावरून वाहतं, टेबलावरून खाली उतरतं आणि बघणाऱ्याला ड्रिंकमधूनच येतंय असं वाटतं. ड्रिंकला ड्राय आइस लागतच नाही. धुकं मंदावलं की पाच-सात मिनिटांनी थोडं गरम पाणी आणि एक-दोन खडे परत. सगळे खडे एकदम टाकले तर सुरुवातीला धो धो आणि मग काही नाही. बाहेरचं भांडं स्टीलचं घ्या, पातळ काचेचं तडकतं.

पिण्याच्या ग्लासात खडा टाकू नका. कृपा करून नका टाकू. फोटोत सगळे टाकतात, मला माहितीये. पण छोटा तुकडा घोटाबरोबर तोंडात गेला तर जीभ, घसा, पोट आतून गोठून भाजतं. लिक्विड नायट्रोजन वेगळी गोष्ट आहे, अजून कितीतरी थंड, पण धोका त्याच जातीचा, आणि २०१२ मध्ये इंग्लंडमध्ये एका तरुणीने तसलं कॉकटेल पिऊन तिचं जठर काढावं लागलं होतं. एका धुराच्या फोटोसाठी एवढी जोखीम घ्यायची नाही.

बाकीचं पटापट सांगते. हात लावायचा नाही, चिमटा आणि जाड ग्लोव्हज. घट्ट झाकणाच्या डब्यात, बाटलीत, थर्मासमध्ये कधीच ठेवायचा नाही, एक किलो ड्राय आइसमधून ५०० लिटरहून जास्त गॅस होतो, डबा फुटतो. घरच्या फ्रीजरमध्येही नाही. थर्माकोलच्या खोक्यात ठेवा, झाकण सैल. आदल्या दिवशी आणून ठेवला तर सकाळपर्यंत निम्मा उडालेला असतो, साध्या कूलरमध्ये २४ तासांत २ ते ४ किलो जातो, म्हणून त्याच दिवशी दुपारी आणा आणि आणताना गाडीच्या काचा उघड्या ठेवा. खोलीची खिडकी उघडी ठेवा. हा गॅस हवेपेक्षा जड आहे, जमिनीलगत साठतो, म्हणून खाली सतरंजीवर बसलेली बारकी पोरं आणि कुत्रं-मांजर असेल तर भांडं त्यांच्यापासून लांब. आणि उरलेला सिंकमध्ये ओतू नका, पाइप तडकतो, बाहेर उघड्यावर ठेवून द्या, आपोआप संपतो, फक्त कुणाच्या हाती लागणार नाही असं बघा.

टॉनिक वॉटर चमकत नाही

टॉनिक वॉटरमध्ये क्विनीन नावाचा कडू पदार्थ असतो आणि ते अल्ट्राव्हायोलेट लाइटखाली निळं चमकतं. जॉन हर्शेलने १८४५ मध्ये क्विनीनच्या पाण्यातली ही निळाई लिहून ठेवली आणि जॉर्ज स्टोक्सने १८५२ मध्ये ती कशाने होते ते सांगितलं, फ्लूरोसन्स हा शब्दही त्याचाच. तर चमकायला पाहिजेच, मग माझं का चमकत नव्हतं? मी ग्लासच्या काठाला मीठ लावत होते, भुताच्या समुद्राची थीम होती. ते मीठ ड्रिंकमध्ये पडत होतं आणि मिठातलं क्लोराइड क्विनीनची चमक मारून टाकतं. घरी करून बघा, अंधारात ब्लॅक लाइटखाली, म्हणजे त्याच अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली, टॉनिकचा ग्लास ठेवा आणि त्यात चिमूट-चिमूट मीठ टाकत ढवळा, डोळ्यासमोर विझत जातं. तेव्हापासून काठाला साखर.

तरीही चमकत नसेल तर लाइट बघा. स्वस्तातले जांभळे एलईडी ३९५ नॅनोमीटरच्या आसपासचे असतात, ते खोली जांभळी करतात आणि त्या उजेडात चमक बुडून जाते. ३६५ वाला घ्या, खोली जास्तीत जास्त अंधारी करा, आणि त्याच्यात थेट बघू नका. लाल सिरप किंवा कोला घातला तर तो रंग उजेड शोषून घेतो, म्हणून टॉनिकबरोबर फक्त पारदर्शक गोष्टी आणि निम्म्यापेक्षा जास्त टॉनिक. नुसता सोडा चमकत नाही, त्यात क्विनीन नसतं. आणि क्विनीन काही जणांना चालत नाही, म्हणून त्या जगवर चिठ्ठी लावा. ग्लोस्टिक ग्लासात बुडवायची आयडिया कोणी दिली तर नको म्हणा, फुटली की आतलं केमिकल ड्रिंकमध्ये.

रक्त ओघळून खाली जमतं

कडेवरचं रक्त पातळ पाकाचं केलं की ते थांबतच नाही. पाक एकतारीच्या जरा पुढे न्या. थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून बोटं हळू उघडा, तार ताणली जाते, आणि लगेच न तुटता बोटभर लांब होऊन मग मधे तुटते आणि दोन्ही टोकं सावकाश मागे येतात, त्या वेळी गॅस बंद. लिक्विड ग्लुकोज मिळालं तर पाकात दोन चमचे घाला, साखर दाणे धरत नाही. लाल रंग घातल्यावर ते रक्त न दिसता खेळण्यातल्यासारखं भडक दिसत असेल तर चिमूटभर कोको घाला, रंग एकदम खोल होतो, सुकलेल्या रक्तासारखा.

ग्लास गार घेऊ नका, इथे बहुतेकांचं चुकतं. गार ग्लासला बाहेरून पाणी सुटतं आणि त्या पाण्यावरून रक्त घसरतं. ग्लास कोरडा, खोलीच्या तापमानाला. पाक कोमट असताना ग्लास उलटा करून काठ बुडवा, सरळ करा, ओघळ मनासारखे खाली आले की दहा मिनिटं फ्रीजरमध्ये, आणि बाहेर काढला की लगेच भरून द्या. दुपारीच करून बाहेर ठेवलेले ग्लास दमट हवेत रडायला लागतात, साखर हवेतलं पाणी ओढते.

बर्फाच्या हाताची बोटं तुटतात

ग्लोव्हमध्ये पाणी भरून गोठवलेला हात पंचमध्ये तरंगतो तो. पावडर नसलेले नायट्रिलचे ग्लोव्हज घ्या, लॅटेक्सची काहींना अ‍ॅलर्जी असते, आणि आतून-बाहेरून धुवून घ्या. गच्च भरू नका, पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. फ्रीजरमध्ये पूर्ण २४ तास, रात्रभर ठेवून भागत नाही, बाहेरून दगड वाटतो आणि तळव्यात पाणी असतं.

काढताना घाई झाली की बोटं गेलीच. ग्लोव्ह ओढायचा नसतोच. बाहेर काढून पाच मिनिटं तसाच ठेवा, ग्लोव्ह आणि बर्फाच्या मधे पाण्याचा पातळ थर सुटतो, वर दाबलं की ग्लोव्ह सरकतो. मग मनगटाकडून कात्रीने कापत या, करंगळीपासून एकेक बोटाच्या दोन्ही बाजूंनी चीर द्या आणि साल काढल्यासारखं सोडवा. आणि लगेच पंचमध्ये सोडू नका, फ्रीजरमधून आलेला बर्फ एकदम ओल्यात गेला की कट्ट करून तडकतो आणि तडा बरोबर बोटाच्या पेरावर जातो. वरून घाम सुटल्यासारखा ओला दिसायला लागला की सोडा. मी पाण्याऐवजी त्याच पंचचा हात करते, म्हणजे वितळला तरी ड्रिंक पातळ होत नाही.

उरलेलं

भुताचं पांढरं ड्रिंक फाटतं, कारण दुधात किंवा क्रीममध्ये लिंबू, संत्रं असं आंबट पडलंय. पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, ४.६ च्या आसपास गेला की दुधातलं केसिन नावाचं प्रोटीन गोळा होतं. दुधाच्या ड्रिंकमध्ये व्हॅनिला, बदाम, चॉकलेट असलेच फ्लेवर ठेवा. मुद्दाम फाटलेलं पाहिजे असेल, मेंदूसारखं, तर छोट्या ग्लासात लिंबाच्या रसात क्रीम थेंबाथेंबाने सोडा, गोळे धरतात, दिसतं अगदी हुबेहूब.

जेलीचे किडे सेट होत नाहीत? ताजं अननस, किवी किंवा पपई वापरली असेल. त्यातली एन्झाइम्स जिलेटिन तोडतात. डब्यातलं अननस चालतं, ते गरम केलेलं असतं. किंवा जिलेटिनच्या जागी अगर-अगर (चायना ग्रास) वापरा.

चमकी तळाला बसते तो तिचा स्वभाव आहे, देताना ग्लास एकदा गोल फिरवा. पण पाकिटावर नुसतं नॉन-टॉक्सिक लिहिलेली चमकी खायची नसते, खाण्यायोग्य असं स्पष्ट लिहिलेलं आणि घटकांची यादी असलेलीच घ्या. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२१ मध्ये केकवरच्या चकचकीत पावडरमधून लहान मुलांना तांबं आणि शिसं यांची बाधा झाल्याचा रिपोर्ट दिला होता.

लिचीत ब्लूबेरी खोचून केलेले डोळे बुडत असतील तर काडीला टोचून ग्लासवर आडवे ठेवा. आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या ग्लासात अख्खं द्राक्ष, अख्खी लिची नको, घशात अडकते. द्राक्षाचे उभे चार तुकडे करा, डोळा नाही दिसला तरी चालेल.

माझा त्या दिवसाचा क्रम आता असा असतो: आदल्या दिवशी बर्फाचा हात, निळे खडे, पाक. दुपारी ड्राय आइस आणि निळं पाणी. पाहुणे यायच्या अर्धा तास आधी ग्लासना रक्त, अननसाचा ज्यूस जगमध्ये, निळं सिरप शेजारी ड्रॉपरमध्ये. सोड्याची बाटली मी सगळे येईपर्यंत उघडतच नाही. पहिला माणूस दारात आला की बाहेरच्या भांड्यात गरम पाणी.